मिटलेल्या समुद्राची शिवण : टेथिसपासून हिमालयापर्यंत

१. सन १९३६चा उन्हाळा. तिबेटचे दरवाजे परकीयांना बंद होते. त्या वर्षी कैलासाच्या परिक्रमेला निघालेल्या यात्रेकरूंत पंचवीस वर्षांचा एक तरुण मिसळला होता. वेश यात्रेकरूचा, नजर मात्र शिखरापेक्षा पायाखालच्या दगडांवर अधिक खिळलेली. ऑगुस्तो गान्सर हे त्याचे नाव. तो स्वित्झर्लंडचा भूशास्त्रज्ञ होता आणि ज्येष्ठ सहकारी आर्नोल्ड हाइम यांच्यासह हिमालयाच्या अभ्यासासाठी आला होता.

२. कैलासाच्या दक्षिणेस त्याला जे खडक आढळले, ते तिथे असण्याचे काही कारणच नव्हते. हिरवट-काळे, वजनाने जड, लोह आणि मॅग्नेशियम यांनी समृद्ध असे खडक; आणि त्यांच्या सोबतीला खोल समुद्राच्या तळाशी सूक्ष्मजीवांची कवचे साचून बनलेले लालसर, गारगोटीसारखे दगड. महासागराचा तळ अशाच खडकांचा असतो. परंतु ती जागा समुद्रसपाटीपासून साडेचार किलोमीटर उंच होती आणि सर्वांत जवळचा समुद्र हजार किलोमीटरहून अधिक दूर होता.

३. महासागराचा तळ कैलासाच्या पायथ्याशी कसा आला? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास आणखी सुमारे तीस वर्षे लागली. मात्र त्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा गान्सरच्या कितीतरी आधी, हिमालयापासून दूर मैदानात, एका किरकोळ भासणाऱ्या चुकीत सापडला होता. ही कथा त्या चुकीपासून सुरू होते.

४. सन १८०२मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. दोन ठिकाणांमधील अंतर अत्यंत काटेकोरपणे मोजायचे, त्या रेषेवर त्रिकोण उभारायचा, मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. अशी ही साखळी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. सन १८२३मध्ये लॅम्बटन यांचा मृत्यू झाला तो विदर्भातील हिंगणघाट येथे, काम चालू असतानाच. पुढची धुरा जॉर्ज एव्हरेस्ट यांनी वाहिली.

५. या साखळीतील दोन ठाणी पुढे इतिहासात गाजली. एक मध्य भारतात सिरोंजजवळचे कल्याणपूर. दुसरे उत्तरेस मुझफ्फरनगरजवळचे कलियाना. दोहोंमधील अंतर सुमारे ६०० किलोमीटर. त्यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढण्यात आला : एकदा जमिनीवरील त्रिकोणांच्या साखळीवरून आणि एकदा आकाशातील ताऱ्यांच्या वेधांवरून. दोन्ही उत्तरे जुळायला हवी होती. ती जुळली नाहीत. फरक राहिला ५.२४ विकलांचा. जमिनीवर तो भरतो साधारण १६० मीटर.

६. एवढ्या प्रचंड कामात एवढासा फरक! मोजणीत हळूहळू साचत गेलेली चूक म्हणून एव्हरेस्ट यांनी त्याचा निकाल लावला. परंतु कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांना ते पटले नाही. प्रॅट धर्मोपदेशक होते, तसेच उत्तम गणितीही होते. त्यांनी निराळी शंका घेतली. ताऱ्यांचा वेध घेताना यंत्र उभे धरले जाते ते ओळंब्याच्या आधाराने. आणि ओळंबा जर हिमालयाच्या ओढीने तिरपा होत असेल तर?

७. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो, कारण ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडे झेपावतो असे आपण गृहीत धरतो. पण शेजारी प्रचंड पर्वत असेल तर त्याचेही गुरुत्वाकर्षण ओळंब्याला किंचित स्वतःकडे ओढते. कलियाना हिमालयाच्या जवळ, कल्याणपूर दूर. साहजिकच कलियान्याचा ओळंबा अधिक कलणार. प्रॅट यांनी हिमालय आणि त्यामागचे तिबेटचे पठार यांच्या वस्तुमानाचा अंदाज बांधून ही ओढ किती असावी याचे गणित मांडले.

८. सन १८५५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या गणिताने कोडे सुटण्याऐवजी गहिरे झाले. हिमालयाच्या ओढीमुळे सुमारे १५.९ विकलांचा फरक पडायला हवा होता. प्रत्यक्षात होता केवळ ५.२४. म्हणजे डोळ्यांना दिसणारा हिमालय जेवढा भारी, त्याच्या एक-तृतीयांशच जणू ओळंब्याला जाणवत होता. मग उरलेला भार गेला कोठे?

९. त्याच वर्षी इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले. पाण्यावर लाकडाचे ओंडके तरंगत असावेत. ज्या ओंडक्याचा माथा पाण्याच्या अधिक वर, त्याचा तळही पाण्यात अधिक खोल. पर्वतांचेही तसेच. हिमालयाखाली हलक्या खडकाचे एक खोल मूळ असले पाहिजे; तेथील जड द्रव्याची जागा या हलक्या मुळाने घेतली आहे, म्हणून ओळंब्यावरील ओढ कमी भरते. पुढे प्रॅट यांनी याच कोड्याची निराळी उकल मांडली. पण पर्वत तोलून धरलेला आहे यावर दोघांचे एकमत होते. या तोलाला पुढे ‘समस्थायित्व’ हे नाव मिळाले.

१०. आजच्या भूकंपलहरींच्या अभ्यासाने एअरी यांचे मूळ खरे ठरवले आहे. खंडांचे कवच सर्वसाधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे असते. तिबेटच्या पठाराखाली ते ७० किलोमीटरच्या घरात जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे : खंडांचा खडक हलका आहे, तो तरंगतो आणि सहजासहजी बुडत नाही. ओळंब्याने दिलेली ही साक्ष पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे.

११. याच सुमारास हिमालयात दुसरा पुरावा गोळा होत होता. कलकत्त्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात सन १८६२मध्ये रुजू झालेले फर्डिनांड स्टोलिच्का हे मोरावियात जन्मलेले व व्हिएन्नात शिकलेले तरुण शास्त्रज्ञ. त्यांनी स्पितीच्या खोऱ्यातील काळ्या शेलच्या थरांचा अभ्यास केला. त्या थरांत अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचे जीवाश्म विपुल होते. गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी असलेला हा प्राणी ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, पृथ्वीवरून नाहीसा झाला.

१२. महाराष्ट्रातील अनेक घरांना हा प्राणी ओळखीचा आहे, निराळ्या नावाने. नेपाळच्या मुस्तांग भागातून वाहणारी काली गंडकी अशाच काळ्या थरांना झिजवत येते आणि तिच्या पात्रात जे गोटे सापडतात तेच देवघरातील शाळिग्राम. त्यांवरील चक्र म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या अमोनाइटच्या कवचाचा ठसा. भाविक ज्या खुणेत विष्णूचे सुदर्शन पाहत आले, तीच खूण भूशास्त्राच्या दृष्टीने एका समुद्राची स्वाक्षरी आहे.

१३. स्टोलिच्का यांचा शेवट या पर्वतानेच केला. यारकंदहून परतणाऱ्या मोहिमेबरोबर काराकोरमची खिंड ओलांडल्यावर उंचीवरील विरळ हवेने त्यांचा घात केला. १९ जून १८७४ रोजी लडाखमधील मुरगो येथे त्यांनी प्राण सोडला तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ होते. लेह येथे त्यांचे स्मारक आहे. समुद्री शंखांच्या शोधात निघालेला माणूस उंचीच्या आजाराने गेला, यातच त्या काळातील कोड्याचे सारे विलक्षणपण सामावले आहे.

१४. व्हिएन्नात स्टोलिच्कांना शिकवणाऱ्यांपैकी एक होते एडुआर्ट सुएस. हिमालयातील जीवाश्म आणि युरोपातील आल्प्स पर्वतातील जीवाश्म यांचे साम्य त्यांना ठाऊक होते. एवढ्या दूरच्या दोन पर्वतांत एकाच कुळातील सागरी जीव असतील, तर कधीकाळी त्या दोन्ही जागा एकाच समुद्राखाली असल्या पाहिजेत. सन १८९३मध्ये सुएस यांनी त्या लुप्त समुद्राला ग्रीक पुराणातील सागरदेवतेचे नाव दिले : टेथिस.

१५. टेथिसच्या दक्षिणेस जो विशाल भूखंड होता त्यालाही सुएस यांनीच सन १८८५मध्ये नाव रूढ केले : गोंडवनलँड. हे नाव आले आहे मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून. चंद्रपूर आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा ज्या थरांत आहे, ते गोंडवन खडकच. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात. तीच वनस्पती आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलियातही सापडते. सन १९१२मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने शेवटपर्यंत जवळ बाळगलेल्या दगडांतही ती होती.

१६. समुद्र ओळखला गेला. पण तो गेला कोठे आणि त्याच्या जागी पर्वत कसा उभा राहिला? सुएस यांच्या मते पृथ्वी थंड होत आकसत आहे. वाळत चाललेल्या सफरचंदाच्या सालीवर सुरकुत्या पडतात तसे पर्वत उभे राहतात आणि कवचाचे काही भाग खचून महासागर होतात. गोंडवनलँडचे तुकडेही असेच बुडाले आणि हिंदी महासागर निर्माण झाला, अशी त्यांची मांडणी होती.

१७. येथे ओळंबा आडवा आला. खंडांचा खडक हलका असेल, तरंगत असेल, तर एवढा मोठा खंड समुद्रात बुडेल कसा? शिवाय किरणोत्सर्गाच्या शोधानंतर पृथ्वीच्या पोटात उष्णता सतत निर्माण होते हे उमगले आणि आकसणाऱ्या पृथ्वीची कल्पना आणखीच डळमळीत झाली. खंड बुडत नसतील आणि तरीही दूरदूरच्या खंडांत एकच वनस्पती असेल, तर एकच शक्यता उरते : खंड सरकले असले पाहिजेत.

१८. सन १९१२मध्ये जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी हेच जाहीरपणे मांडले. दहा वर्षांनी, सन १९२२मध्ये, ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषदेत स्विस शास्त्रज्ञ एमिल आर्गां यांनी आशियाच्या पर्वतांचे भव्य विवेचन केले. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाखाली घुसला, त्यामुळे तेथील कवच दुप्पट जाड झाले आणि तिबेट व हिमालय उचलले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. आज ते वाचताना काळाच्या किती पुढे होते हे जाणवते. त्या काळी मात्र बहुसंख्य शास्त्रज्ञ अविश्वासाने पाहत राहिले. खंड सरकवणारी शक्ती कोणती, या प्रश्नाला पटेल असे उत्तर कोणापाशीच नव्हते.

१९. भारतीय भूशास्त्रज्ञही या शोधात मागे नव्हते. सुरतेत जन्मलेले दाराशा नौशेरवान वाडिया जम्मूच्या महाविद्यालयात शिकवत असतानाच हिमालय पायी तुडवू लागले होते. सन १९३१मध्ये त्यांनी दाखवून दिले की, वायव्येस नंगा पर्वताभोवती हिमालयाचे सारे थर गुडघा वाकावा तसे एकदम वळले आहेत. भारताच्या प्राचीन भूखंडाची एक जीभ तेथे पुढे घुसली आहे आणि पर्वताच्या वळ्या तिच्याभोवती वळसा घेतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. डेहराडूनची हिमालय भूविज्ञान संस्था आज त्यांचेच नाव धारण करते.

२०. या ज्ञानाची गरज किती तातडीची होती, हे १५ जानेवारी १९३४च्या दुपारी कळले. बिहार-नेपाळ भूकंपात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हा अस्पृश्यतेच्या पापाचा ईश्वरी दंड आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्यास जाहीर हरकत घेतली : भौतिक आपत्तीचे कारण भौतिकच असले पाहिजे. गांधींनी ते निवेदन ‘हरिजन’मध्ये छापून उत्तरही दिले. वाद उदात्त होता; पण ते भौतिक कारण नेमके कोणते, हे सर्वमान्य स्वरूपात सांगणारे शास्त्र तेव्हा अजून उभे राहायचे होते.

२१. त्यानंतर दोनच वर्षांनी गान्सर कैलासापाशी पोहोचला. पण त्याच्या दगडांचा पूर्ण अर्थ उलगडला तो महासागरात. सन १९६२मध्ये अमेरिकेचे हॅरी हेस यांनी मांडले की, समुद्राच्या मध्यभागी असलेल्या पर्वतरांगांतून नवा तळ सतत जन्म घेतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी त्याला पुरावा जोडला. तळाच्या खडकांत पृथ्वीच्या उलटसुलट होणाऱ्या चुंबकत्वाचे पट्टे गोठलेले असतात. त्यांनी अभ्यासलेली रांग होती अरबी समुद्र आणि हिंदी महासागर यांतून जाणारी कार्ल्सबर्ग रांग.

२२. तळ सतत जन्मतो, तर पृथ्वी फुगत का नाही? कारण तो सतत मरतोही. जन्मतः ऊन असलेला तळ दूर सरकताना निवतो आणि निवता निवता जड होतो. अखेर खोल गर्तेच्या ठिकाणी तो वाकून पृथ्वीच्या पोटात उतरतो आणि आपल्यामागे उरलेला पट्टही ओढून घेतो. म्हणूनच आजच्या महासागरांचा जवळजवळ सारा तळ २० कोटी वर्षांहून तरुण आहे, तर खंडांवर ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडकही टिकून आहेत. जड ते बुडते, हलके ते उरते.

२३. सन १९६६मध्ये कॅनडाचे जॉन टूझो विल्सन यांनी यावरून मोठी झेप घेतली. अटलांटिक महासागर आज रुंदावत आहे. पण त्याच परिसरात त्याआधी दुसरा एक महासागर होता आणि तो मिटला, असे त्यांनी सुचवले. त्या मिटलेल्या महासागराला पुढे इयापेटस हे नाव मिळाले. अमेरिकेचे ॲपलेशियन आणि स्कॉटलंड-नॉर्वेचे पर्वत हे त्याच्या मिटण्याचे वण आहेत. महासागर उघडतात, मिटतात आणि मिटताना पर्वत मागे ठेवून जातात, हे सूत्र हाती आले.

२४. आता टेथिसची कथा सलग सांगता येते. गोंडवनलँडपासून सुटलेला भारत सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासूनही वेगळा झाला आणि उत्तरेकडे निघाला. त्याच्यापुढचा टेथिसचा तळ आशियाच्या दक्षिण काठाखाली उतरत होता. खोल गेलेल्या तळातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे द्रव्य वितळले, ज्वालामुखी पेटले आणि त्यांच्या मुळाशी ग्रॅनाइटची प्रचंड रास थिजली. लेहच्या उत्तरेस उभी असलेली लडाखची रांग ही त्याच राशीचा भाग आहे.

२५. या प्रवासाच्या वाटेवर, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, महाराष्ट्राची भूमी घडली. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता. जमिनीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. म्हणजे रायगड-राजगडाचा कातळ थिजला तेव्हा आजचा हिमालय अस्तित्वात नव्हता आणि भारत-आशियाच्या मध्ये अजून समुद्र होता. त्या सुमारास भारताचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक झाला होता. भूखंडाच्या मानाने ही धाव म्हणावी लागेल.

२६. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्या थोडे आधी, दोन्ही काठ भिडले. समुद्र एका दिवसात संपला नाही; उथळ होत, आक्रसत गेला. हिमाचल प्रदेशातील सुबाथू येथील थर या अखेरच्या समुद्राचे आहेत. त्यातूनच देवमाशाच्या एका आदिम पूर्वजाचा जबडा मिळाला आणि सन १९९८मध्ये त्याचे नामकरण ‘हिमालयासेटस’ असे झाले. जमिनीवरचे सस्तन प्राणी समुद्राकडे वळत होते तो काळ आणि तो समुद्र मिटत होता तो काळ, एकच.

२७. तळ संपला आणि गर्तेच्या तोंडाशी भारताचा भूखंड आला. खाली गेलेला जड तळ त्याला ओढत होता. पण खंड हलका. तो पुरता बुडेना. लडाखमधील त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरात या झटापटीचा पुरावा आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाडिया संस्थेतील संशोधकांना तेथील खडकांत कोएसाइट हे खनिज आढळले. साध्या गारेचे हे रूप सुमारे ९० किलोमीटरहून अधिक खोलीवरच्या दाबाखालीच तयार होते. म्हणजे भारताच्या भूखंडाची कड तेवढी खोल ओढली गेली होती आणि पुन्हा वर आली.

२८. कलियान्याच्या ओळंब्याने दिलेली साक्ष ती हीच. बुडता न येणाऱ्या खंडाला पुढे रेटले की त्याचे कवच चिरफाळते आणि छपरावरच्या कौलांसारखे थर एकावर एक चढतात. हिमालयात असे तीन मोठे भ्रंश एकापाठोपाठ एक, उत्तरेकडून दक्षिणेकडे तयार झाले. कवच जाड झाले, त्याचे मूळ खोल गेले आणि त्या मुळाच्या आधारावर माथा उंच उठला. टेथिसच्या काठचा गाळही वर गेला. एव्हरेस्टच्या अगदी शिखरावरचा चुनखडक ४५ कोटी वर्षांहून जुन्या समुद्राचा असून त्यात सागरी जीवांचे तुकडे आहेत.

२९. आणि गान्सरचे हिरवट-काळे दगड? टेथिसचा बहुतेक सारा तळ पृथ्वीच्या पोटात गेला; पण दोन खंडांच्या चिमटीत त्याच्या काही चिंध्या अडकून वर राहिल्या. अशा चिंध्यांची एक लांब रेषा लडाखमधून कैलास-मानसच्या दक्षिणेने त्सांगपोच्या खोऱ्यापर्यंत जाते. सिंधू आणि त्सांगपो या नद्या बऱ्याच अंतरापर्यंत याच रेषेच्या आसऱ्याने वाहतात. भूशास्त्रात तिला सिंधू-त्सांगपो शिवण म्हणतात. तिच्या दक्षिणेस भारत, उत्तरेस आशिया. गान्सर यांनी पुढे या शिवणीचे महत्त्व विस्ताराने मांडले. सन २०१२मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

३०. ही शिवण एकट्या हिमालयाची नाही. टेथिस जसजसा मिटत गेला तसतसे आफ्रिका व अरबस्तान यांच्याही कडा युरोप-आशियाला भिडल्या आणि आल्प्स, इराणचा झाग्रोस हे पर्वत उठले. सुएस यांना आल्प्स आणि हिमालय यांत जे नाते जाणवले होते ते असे खरे ठरले. फक्त त्यांनी दिलेले कारण बदलले. भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात त्या प्राचीन महासागराच्या तळाचा अवशेष अजून शिल्लक आहे.

३१. टक्कर संपलेली नाही. भारत आजही वर्षाला साधारण ४ ते ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. त्यातील सुमारे २ सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात सामावले जातात. हे सरकणे सुरळीत नसते. हिमालयाखालचा मोठा भ्रंश अडकून राहतो, शंभर वर्षांत दोन मीटरांचे सरकणे थकीत होते आणि मग एखाद्या क्षणी ती थकबाकी वसूल होते. कांगडा १९०५, बिहार-नेपाळ १९३४, आसाम १९५०, नेपाळ २०१५ : या त्या वसुलीच्या तारखा आहेत.

३२. २५ एप्रिल २०१५च्या नेपाळ भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली. त्या काही क्षणांत काठमांडूचा परिसर जवळजवळ एक मीटर उचलला गेला. एव्हरेस्टची उंची बदलली असावी अशी शंका आल्याने नेपाळने ती पुन्हा मोजण्याचे काम हाती घेतले आणि ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ व चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. ज्या एव्हरेस्ट यांना पाच विकलांची चूक किरकोळ वाटली होती, त्यांच्या नावाचे शिखर आज सेंटिमीटरांच्या हिशेबाने मोजले जाते.

३३. सन १९३४मध्ये ठाकुरांनी मागितलेले भौतिक कारण आता ठाऊक आहे : मिटलेला समुद्र, न बुडणारा खंड आणि अजून न थांबलेली टक्कर. पुढचा भूकंप कोणत्या दिवशी होईल हे त्यातून कळत नाही. परंतु कोणत्या पट्ट्यात घरे, शाळा, धरणे आणि रुग्णालये हादरे सोसतील अशीच बांधली पाहिजेत, हे निःसंशय कळते. भूकंपात बहुतेक माणसे मरतात ती कोसळणाऱ्या भिंतींखाली. ओळंबा लावून भिंत सरळ पाहणाऱ्या गवंड्याने ती भक्कमही उभारली, तर त्याच ओळंब्याने सुरू झालेल्या या शोधाचे सार्थक होईल.